टीव्हीकडे पाठ करून

आर्या, परवा फोनच्या पडद्यावर तू मधूनमधून तोंडावर हात ठेवत कुरकुरत सांगत होतीस, की शाळेत एका जाहिरातीचं विश्लेषण लिहून आणायला सांगितलंय, आणि अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत लिहिण्यासारखं असतं तरी काय. सम्यक तुझ्या मागून काहीतरी बोलला, तुम्ही दोघं खूप हसलात, आणि मग मीही हसले. फोन ठेवल्यावर मी कपाट आवरायला घेतलं. माझ्या कपाटात प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी असते हे तुम्हाला माहीत आहे. तुमचे आजोबा म्हणायचे, एक दिवस ही मलाही चिठ्ठी चिकटवेल. सगळ्यात वरच्या कप्प्यात 'विद्यापीठ, जपून' अशा चिठ्ठीखाली निळ्या पुठ्ठ्याची एक वही निघाली. पोरांनो, मीही हाच विषय शिकले होते. चित्रपट, टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम, जाहिराती. त्यांत काय दाखवतात, कसं दाखवतात, आणि पाहणाऱ्याचं त्यामुळे काय होतं. त्या वहीत मी एका बाईबद्दल तीन गोष्टी लिहिल्या आहेत, वळणदार अक्षरात, खाली लाल रेघ मारून. तिन्ही चुकीच्या निघाल्या. ती बाई म्हणजे तुमची पणजी, माझी आई.

आमचं घर गुलमंडीच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची. सकाळी आधी मशिदीची अजान यायची, मग दुधवाल्याच्या कॅनचा आवाज, मग स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा थप थप ठेका. रविवारी अण्णा, म्हणजे माझे वडील, पांढरा सदरा घालून वंदना म्हणायचे आणि आम्ही त्यांच्यामागे म्हणायचो. आईचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. ती फुलंब्रीच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. रोज सकाळच्या एसटीने जायची, डब्यात धपाटे आणि लसणाची चटणी. मास्तरीणबाईंचा आवाज मोठाच असणार, असं सगळी गल्ली धरून चालायची. भिंतीपलीकडे राहणाऱ्या शाहीन खाला म्हणायच्या, "टीचर बोलने लगे तो मेरे कबूतर उड जाते." खालांच्या घरून ईदला शीरखुर्म्याचं पातेलं यायचं आणि आमच्याकडून ते कधी रिकामं परत जायचं नाही. आई त्यात येसर आमटी भरून पाठवायची, आणि खाला दारातूनच ओरडून सांगायच्या की तिखट कमी पडलं. आई हसून मान डोलवायची.

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा गल्लीतला तो दुसराच. लाकडी पेटी, तिला सरकणारी दारं, शेजारी स्टॅबिलायझर. तो मधूनच टिक् करायचा आणि मग सगळं घर क्षणभर श्वास धरायचं. गच्चीवरचा अँटेना फिरवणं हा एक समारंभच होता. अण्णा वर, खाला आपल्या खिडकीत, मी टीव्हीपुढे. अण्णा विचारायचे, "आला का?" मी म्हणायची, "मुंग्या आहेत!" खाला वर पोचवायच्या, "चिंटियां हैं बोलती!" एकदा मी घरात नव्हते म्हणून टीव्हीपुढे आईला उभं केलं. अण्णांनी वरून बराच वेळ विचारलं आणि आईचं उत्तरच येईना. शेवटी चित्र स्वच्छ आल्यावर ती एकदम म्हणाली, "आला!" तोवर अण्णांनी अँटेना पुढे फिरवलेला, चित्र पुन्हा गेलेलं. त्या दिवसापासून आईला त्या कामावरून कायमची सुटी मिळाली आणि घराला वर्षभर पुरेल असा विनोद मिळाला. मीही तो विनोद पुष्कळदा सांगितला आहे.

छावणीतल्या इंग्रजी शाळेतून शिकून मी विद्यापीठात गेले, ते नाकाचा शेंडा थोडा वर करूनच. आमचे वाकळे सर कन्नड तालुक्यातले. शेतकऱ्याच्या घरातले, बोलणं अस्सल तिकडचं. पहिल्या तासाला ते आले आणि म्हणाले, "पोरीहो, पोरंहो, पिच्चर सगळेच बघतेत. आपुन बघणाऱ्याला बघायचं." मी मनात म्हटलं, हे काय शिकवणार. दोन महिन्यांनी मी त्यांचा एक शब्द वाया जाऊ देत नव्हते. त्या खोलीला काळं कापड लावलेलं होतं, गुलमंडीतून सरांनी स्वतः फाडून आणलेलं. प्रोजेक्टर घरघरायचा, प्रकाशाच्या पट्ट्यात धूळ तरंगायची, आणि सर एकच छोटा चित्रपट दोनदा दाखवायचे, दुसऱ्या वेळी आवाज बंद करून. आवाज गेला की माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसायची. मला ते फार आवडायचं. तास संपून उन्हात बाहेर आलं तरी झाडं, सायकली, चहाची टपरी, सगळं कुणीतरी मुद्दाम मांडून ठेवल्यासारखं वाटायचं. सर म्हणायचे, "जाहिरातीत वस्तू बघू नका. ती वस्तू कुणाच्या हातात दिली, ते बघा. त्या बाईला बसायला खुर्ची दिली का, ते बघा." मी घरी येऊन बघायची. खरंच, जाहिरातीतल्या एकाही आईला खुर्ची नसायची.

दुसऱ्या वर्षी सरांनी एक काम दिलं. आठवड्यातून एकदा संध्याकाळी लागणारी एक विनोदी मालिका सगळा देश पाहायचा. ती तीन आठवडे पाहायची, पण टीव्हीकडे पाठ करून. टीव्हीला टेकून, घरच्यांकडे तोंड करून बसायचं आणि लिहायचं: कोण हसलं, कोण आधी, कोण मागून, कोण हसलंच नाही, कोण उठून गेलं. ज्याचा निबंध चांगला, तो विभागाच्या कार्यक्रमात वाचायचा, आणि त्याचंच नाव सर पुण्याच्या महिनाभराच्या चित्रपटवर्गासाठी पाठवणार. तिथे दिवसाला दोन चित्रपट दाखवतात आणि रात्रीच्या जेवणापर्यंत माणसं त्यावरच बोलत बसतात, असं ऐकलं होतं. मला तो महिना इतका हवा होता की त्याची स्वप्नं पडायची. स्वप्नात एक भला मोठा पडदा असायचा आणि मी त्याच्या मागून चालत असायची.

मी तयारी कशी केली असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. निळी वही, पट्टीने आखलेले रकाने, अण्णांचा एक, आईचा एक, खालांचा एक, गल्लीतल्या बाकीच्यांचा मिळून एक. हसण्याला निळी पेन्सिल, उशिरा हसण्याला लाल.

पहिल्या आठवड्याला नेहमीसारखंच अर्धी गल्ली आमच्या घरात. जमिनीवर सतरंजी, खालांना खुर्ची, अण्णा भिंतीला टेकून, आई त्यांच्या उजव्या हाताला जरा मागे. भाजलेल्या शेंगांचं ताट मधे. मी टीव्हीला पाठ लावून बसले तेव्हा खाला म्हणाल्या, "ये क्या, परचा देने बैठी क्या? हमकू देखके लिखनेवाली?" अण्णा म्हणाले, "बसू द्या. तिच्या सरांनी सांगितलंय. नीट हसा सगळ्यांनी, मार्क आहेत." मग मालिका सुरू झाली आणि ते मला विसरले.

पोरांनो, माणसं आपल्याला कुणी पाहतंय हे विसरून हसतात तेव्हा त्यांच्याकडे पाहणं हे एक अजब सुख आहे. खोलीत फक्त टीव्हीचा राखाडी उजेड, तो चेहऱ्यांवर हलतोय, चेहरे उजळतायत, विझतायत. अण्णा सगळ्यांत आधी आणि मोठ्याने हसायचे. खाला तर विनोद व्हायच्या आधीच हसायच्या आणि म्हणायच्या, "अब देखो, अब क्या बोलता ये!" आणि आई. आई सगळ्यांच्या मागून हसायची. विनोद झाला की ती आधी मान वळवून अण्णांच्या तोंडाकडे पाहायची. ते हसत असले तर हसायची, नाहीतर नाही. प्रत्येक वेळी. मी लाल खुणा करत गेले. मला माझा निबंध सापडला होता.

दुसऱ्या आठवड्याला तेच. तिसऱ्या आठवड्याला अण्णा कचेरीच्या कामाने कन्नडला गेलेले. आता आई काय करेल? आईने खालांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मागून हसली. हे काही बसेना. रात्रभर विचार करून मी ते बसवलं: घरात पुरुष नसला की वयाने मोठी बाई त्याच्या जागी येते. झालं. निबंधाला नाव दिलं 'हसण्याची परवानगी'. आपल्या घरातली बाई हसतेसुद्धा नवऱ्याला विचारून, असा त्याचा सारांश. पुढे आणखी दोन निरीक्षणं जोडली. विनोदी मालिका चालू असताना आई चहा टाकायला उठते, जाहिराती लागल्या की मात्र उठत नाही, त्यांच्याबरोबर ओठ हलवते. म्हणजे जाहिरातींनी गृहिणीला कसं बांधून घेतलंय पाहा. आणि रविवारी दुपारी परभाषांतले चित्रपट लागतात, बंगाली, मल्याळी, खाली इंग्रजीत अक्षरं येणारे. सगळं घर जेवून झोपलेलं असताना आई एकटी माझी शाळेतली डिक्शनरी मांडीवर घेऊन ते शेवटपर्यंत पाहते. म्हणजे इंग्रजीची ओढ मॅट्रिक झालेल्या बाईला कुठे नेते पाहा. मला स्वतःचा निबंध इतका आवडला की तो उघडाच मेजावर ठेवून मी पुन्हा पुन्हा येता-जाता वाचायची.

सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. "लई भारी लिहिलंय," म्हणाले. कार्यक्रमात वाचायचा तो माझाच, हेही तिथेच सांगितलं. मग सगळे गेल्यावर वही परत देताना त्यांनी तिसऱ्या आठवड्याच्या पानावर बोट ठेवलं.

"हे काय गं? नवरा नव्हता तर शेजारणीची परवानगी?"

"हो सर. मी दिलंय ना कारण."

"कारण दिलंय व्हय. पण कारण आधी आलं का बघणं आधी आलं?" त्यांनी वही मिटली. "आपुन वर्गात काय करतो? आवाज बंद करून दुसऱ्यांदा बघतो. तसा एक भाग बघ घरी. मग वाच खुशाल."

मला राग आला. पण सांगितलेलं काम न करणं माझ्या स्वभावात नाही. पुढच्या आठवड्याला मी पुन्हा टीव्हीला टेकून बसले. मालिका रंगात आली, सगळी सतरंजी डोलत होती, आणि मी मान न वळवता हात मागे नेऊन आवाजाचं बटण फिरवलं. कट् करून आवाज गेला.

एकदम गलका. "अगं आवाज!" "शाले, काय केलंस?" "आवाज कायकू गया रे!" सगळ्यांची तोंडं उघडी, हात वर. आणि त्या गलक्याच्या मधोमध आई अजून पडद्याकडे पाहत होती, चेहऱ्यावर तेच मंद हसू, काहीच न बिघडल्यासारखी. मग तिला आजूबाजूची हालचाल जाणवली. तिने अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. ते उघडं होतं. खालांच्या तोंडाकडे पाहिलं. तेही उघडं. आणि आई, सगळ्यांच्या मागून, खळखळून हसली.

बाकीच्यांना वाटलं, ती त्यांच्या गोंधळाला हसली. खालाही हसायला लागल्या. मी बटण परत फिरवलं, आवाज आला, मालिका पुढे गेली. मी वहीत काही लिहिलं नाही. त्या रकान्यात आजही कोरी जागा आहे.

दुसऱ्या दिवशी आई शाळेतून येऊन भाकऱ्या करायला बसली, तेव्हा मी तिच्या पाठीमागे उभी राहिले आणि म्हटलं, "आई." थप थप चालू राहिलं. पुन्हा म्हटलं. तवा, पीठ, थप थप. मग मी जाऊन तिच्या समोर बसले आणि अजिबात आवाज न काढता, फक्त ओठ हलवून विचारलं, "तुला ऐकू येत नाही?"

"येतं थोडं," ती म्हणाली. "कानाशी बोललं तर आवाज येतो. शब्द येत नाहीत." आणि मग तिचा पिठाचा हात हवेत थांबला. मी काय केलं ते तिला कळलं होतं. "लई हुशार झालीस गं शालू."

मला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, मधेच तव्यावरची भाकरी उलटली.

"अण्णांना माहीत आहे?"

"नाही. आणि सांगायचं पण नाही."

"शाळेत?"

"हेडमास्तरांना नाही. पोरांना आहे." आणि ती हसली, यावेळी कुणाकडेही न पाहता. "पहिलीची पोरं लई शहाणी असतात. त्यांना सांगावं लागत नाही. ज्याला बोलायचंय ते येऊन पदर ओढतं, समोर उभं राहतं, मग बोलतं. नवं पोर आलं की जुनी पोरंच त्याला शिकवतात, बाईंशी असं बोलायचं म्हणून. कुणी कधी विचारलं नाही, का म्हणून."

मी विचारलं, जाहिरातींचं काय? ती म्हणाली, जाहिरात रोज तीच असते. एकदा कुणाकडून समजून घेतली की आपली झाली, मग तिच्याबरोबर बोलता येतं. आणि रविवारचे चित्रपट? "खाली लिहिलेलं येतं ना. कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. अडलेल्या शब्दाला तुझी डिक्शनरी आहे." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती माझ्या निबंधाला एकेक करून उत्तर देते आहे.

"तू वाचलास?"

"मेजावर उघडा ठेवतेस. जे वाचता येतं ते मी सोडत नाही. अक्षर छान आहे."

"मी तो बदलते. नाहीतर वाचतच नाही."

आता तिने चुलीचा जाळ कमी केला, हात पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. कार्यक्रमाला आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांनाही बोलावलं होतं, फुलंब्रीहून तिचे हेडमास्तर येणार होते, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. "काय बदलणार? बाई बहिरी आहे असं लिहिणार? आणि नाही वाचलंस तर सर विचारतील, का नाही. तसाच वाच."

"पण ते खोटं आहे आई."

"असू दे. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून हसणारी बाई म्हटलं तर कुणाला नवल वाटणार नाही. माना डोलावतील. बहिरी मास्तरीण म्हटलं की पहिलीचा वर्ग गेला माझा." मग म्हणाली, "आणि वाचताना तोंड माझ्याकडं ठेव. बाकीचं मला जमतं."

आयुष्यात मी पुष्कळ वाचलं, पुष्कळांची भाषणं ऐकली. बाईचं समाजात काय चालतं आणि काय चालत नाही, हे इतक्या थोड्या शब्दांत मला कुणी सांगितलेलं नाही, आणि तेही भाकरी करपू न देता.

कार्यक्रमाच्या दिवशी आई पहिल्या रांगेत बसली होती. ती कुठेही गेली तरी पहिल्या रांगेतच बसायची, आणि आम्ही तिला त्यावरूनही चिडवायचो. तिच्या एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला हेडमास्तर, मागे नव्या ओढणीत शाहीन खाला. मी निबंध काढला. तिसऱ्या आठवड्याचं पान आदल्या दिवशीच काढून टाकलं होतं. मी एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवून वाचत गेले, सगळ्या सभागृहाला सोडून एकाच माणसासाठी. खालांबद्दलचं वाक्य आलं, की आमच्या शेजारणीला हसायला विनोदाची गरजच पडत नाही; ते वाक्य पुरं व्हायच्या आत आई हसली. सगळ्यांच्या आधी. तिला ते पाठ होतं. तिचं हसणं आधी उमटलं आणि मग सभागृह तिच्या मागून हसलं. "मेरा नाम ले रई ना?" असं खाला मोठ्याने म्हणाल्या, आणि लोक आणखी हसले.

मग परवानगीचा भाग आला. माझा आवाज बारीक झाला असावा. मी आईकडे पाहिलं. आणि आईने, पोरांनो, तुमच्या पणजीने, पदर सावरला, मान किंचित खाली घातली आणि लाजल्यासारखं करून अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. सभागृहाने माना डोलावल्या. हेडमास्तरही डोलावत होते. चित्रपटांवर बोलण्यात मी पुढे खूप वर्षं घालवली. त्या पहिल्या रांगेतल्या अभिनयापुढे ठेवावं असं मला फारसं काही दिसलेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर सर माझ्याजवळ आले. "तिसरा आठवडा कुठं गेला?"

"गाळला, सर."

"आवाज बंद करून बघितलं का?"

"बघितलं."

आई खालांशी बोलत उभी होती. सर वळसा घालून तिच्या पुढ्यात आले, तोंडातला पानाचा तोबरा आधी थुंकून आले, हात मागे बांधले आणि सावकाश म्हणाले, "बाई, तुमची पोरगी लई हुशार आहे. पण तुमच्यापुढं काहीच नाही." आई म्हणाली, "तुमच्यामुळं सर." तेव्हा मला कळलं, की सरांना आधीच कळलं होतं. पाहणाऱ्याला पाहणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मी शिकले.

पुण्याला माझंच नाव गेलं. जावं की नको या विचाराने मी चार दिवस जेवले नाही. आईने माझी पेटी स्वतः भरली, एवढंच तिचं म्हणणं. बसस्टँडवर सगळे पोचवायला आले. बसची काच अडकलेली, सरकेना. बाहेर हॉर्न, कंडक्टरांच्या आरोळ्या, इंजिनांची धडधड. अण्णा खालून ओरडत होते, मला एक शब्द कळत नव्हता. मी आतून सांगत होते, त्यांना कळत नव्हतं. ते कानामागे हात धरून हसत होते. मग आई पुढे आली आणि काचेसमोर उभी राहिली. मी म्हटलं, "स्वेटर राहिला, दोरीवर." तिने मान हलवली: पाठवते. मी म्हटलं, "खालांना सांग, लोणचं पोचलं." सांगते. त्या सगळ्या स्टँडवर त्या वेळी एकट्या तिलाच ऐकू येत होतं. बस हलली, आणि मी ते म्हटलं जे आवाज काढून मला कधी म्हणता आलं नसतं: "चुकलं माझं, आई." ती बसबरोबर चार पावलं चालली, आणि मग हाताने सांगितलं, जा.

आईने निवृत्त होईपर्यंत पहिलीचाच वर्ग घेतला. शेवटी शेवटी तिच्या वर्गात तिच्याच जुन्या विद्यार्थ्यांची मुलं होती, आणि ती पहिल्या दिवसापासूनच समोर येऊन बोलायची. घरून शिकवून पाठवलेली असणार. निवृत्तीनंतर मी तिला कानाचं यंत्र आणून दिलं. दोन दिवस घालून तिने ते डबीत ठेवलं. "इतका गोंगाट असतो व्हय जगात? मला वाटलं होतं, तुम्ही लोक जरा नीट बोलत असाल."

अण्णा गेल्यावरही आई म्हणायची, त्यांना कधी कळलं नाही. मीही तसंच समजत होते, परवापर्यंत. परवा ती निळी वही उघडली आणि आईचा रकाना सोडून पहिल्यांदा अण्णांचा रकाना वाचला. पहिला आठवडा, माझ्याच अक्षरात: 'अण्णा, हसतात, आधी मान उजवीकडे.' पुन्हा: 'मान उजवीकडे, मोठ्याने.' दुसरा आठवडा, तेच, पान भरून. उजव्या हाताला आई बसायची. अण्णा टीव्हीकडे पाहून हसत नव्हते. आधी तिच्याकडे वळत होते, तिला आपलं तोंड दिसेल असे, आणि मग हसत होते, लागेल त्यापेक्षा मोठं. मी ते सगळं नीट लिहून ठेवलं होतं, निळ्या पेन्सिलने, आणि एकदाही वाचलं नव्हतं. दोघांनी तीस वर्षं एकमेकांपासून काय लपवलं आणि काय नाही, हे विचारायला आता कुणी नाही.

तुम्ही हल्ली सगळंच खाली अक्षरं लावून पाहता. तुमचे कान चांगले आहेत, तरी पाहता. मागच्या सुटीत इथे आलात तेव्हा तुम्हाला तसं पाहताना बघून मला एकदम ती रविवारची दुपार आठवली, मांडीवरची डिक्शनरी, आणि मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

तुमची आई म्हणते, आजीचं नेटवर्क खराब आहे, ती नेहमी अर्धा क्षण उशिरा हसते. नेटवर्क चांगलं आहे, मी मुद्दाम माणूस बोलावून तपासून घेतलं. परवा सम्यक मागून काय म्हणाला ते मला कळलं नाही. मी आर्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसले. पुढच्या रविवारी सम्यकने तेच पुन्हा म्हणावं, समोर येऊन, सावकाश. आणि आर्या, कुरकुर हवी तितकी कर, पण तोंडावरचा हात काढ.